तयार नर्सिंग किट: कॅज्युअल्टीच्या पहिल्या ड्युटीत त्यातलं काय कामाला येतं?

छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय असो, नाहीतर लातूर, नांदेड, अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज. आसपासच्या सर्जिकल दुकानात शिरलं की काउंटरमागे चेनच्या काळ्या-निळ्या बॅगा टांगलेल्या दिसतात. आत डायलचं बीपी मशीन, स्टेथो, टॉर्च, थर्मामीटर, टूर्निके (शीर फुगवायला दंडाला बांधायची पट्टी), कात्री, गुडघ्यावर मारायचा हॅमर, मोजपट्टी आणि एखादी आर्टरी फोर्सेप (रक्तवाहिनी धरायचा चिमटा). किंमत बहुतेक बीपी मशीनवर ठरते. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग संपवून पहिली नेमणूक अपघात विभागात, म्हणजे कॅज्युअल्टीत, मिळाली की घरचे हौसेनं ही बॅग घेऊन देतात. या बॅगेचा निकाल आधीच सांगतो: ती प्रॅक्टिकलच्या परीक्षेसाठी भरलेली आहे. कॅज्युअल्टीत त्यातल्या तीन वस्तू खिशात राहतात, एक लेबर रूमच्या बाजूनं पेशंट आला की आठवते आणि बाकीच्या लॉकरमध्ये धूळ खातात. ज्या वस्तूंवाचून ड्युटी खरंच अडते, त्या मात्र बॅगेत नसतातच.

सगळ्यात आधी स्टेथो, कारण किटमधली सर्वांत कच्ची वस्तू तीच. दोन तोंडांचा असतो, दिसायला चकचकीत, पण नळी पातळ असते आणि बाहेरचा सगळा गोंगाट आत येतो. वॉर्डात दुपारी ते चालून जातं. कॅज्युअल्टीत एका बाजूला सक्शन चालू, दुसऱ्या बाजूला नातेवाइकांचा आक्रोश. तिथं पातळ नळीतून बीपीचा खालचा आकडा ऐकू येत नाही, मग तो अंदाजानं लिहिला जातो. जाड नळीचा, घट्ट बसणाऱ्या मऊ इअरटिपचा, एका चांगल्या डायफ्रामचा (छातीवर टेकवायच्या पडद्याचा) स्टेथो वेगळा घ्या. कित्येक हजारांचा लिटमन कंपनीचा पहिल्याच महिन्यात हवा असं नाही, आणि कॅज्युअल्टीत स्टेथोला पाय फुटतात हेही लक्षात ठेवा. घेतला तर नळीवर नाव कोरून घ्या. चिकटवलेलं नाव आठवड्यात निघतं.

दुकानातच तपासा. इअरटिप नाकाच्या दिशेला झुकलेल्या हव्यात, उलट्या घातल्या तर चांगला स्टेथोही मुका. डायफ्रामवर बोटानं हलकं टिचका. आवाज येत नसेल तर तोंड फिरवून बघा, बेलची, म्हणजे छोट्या वाटीसारखी बाजू उघडी असेल. तरीही नाही आला तर जोडाशी हवा गळते आहे, ठेवून द्या. घामानं आणि तेलानं नळी कडक होते, मग चिरते. म्हणून उघड्या मानेवर टाकून फिरायची सवय लावून घेऊ नका. प्रत्येक पेशंटनंतर स्पिरिट स्वॅबनं डायफ्राम पुसायचा.

एवढं स्टेथोवर का, तर आपल्याकडच्या पेशंटमुळे. मराठवाड्यात कापूस-सोयाबीनचा पट्टा मोठा, आणि फवारणीचं औषध घरात असतं. नातेवाईक दारातूनच ओरडतात, ‘औषध पिलंय!’ नव्या माणसाला वाटतं गोळ्या जास्त झाल्या. इथं ‘औषध’ म्हणजे कीटकनाशक, आणि बहुतेक वेळा ऑर्गनोफॉस्फरस गटातलं. त्याला अ‍ॅट्रोपिन हा उतारा देताना थांबायचं कधी हे ठरतं मुख्यतः छातीवर: दोन्ही बाजूंचा घरघराट संपला पाहिजे, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, काख कोरडी. बाहुल्या मोठ्या होतात, पण त्या उशिरा. एकट्या बाहुल्यांवर निर्णय नसतो. ही तपासणी दर पाच मिनिटांनी डॉक्टर करतीलच. पण रात्री एकच सीएमओ (कॅज्युअल्टीचा डॉक्टर) आणि तीन पेशंट असतील तेव्हा ‘उजवीकडे अजून क्रेप्स (घरघर) आहेत, सर’ हे सिस्टरनं सांगावं लागतं. श्वासनलिकेत ट्यूब टाकल्यावर डावीकडे हवा जात नाही, म्हणजे ट्यूब खोल उजव्या बाजूला गेली आहे, हेही त्याच कानांनी कळतं.

याच पेशंटला लागणारी, पण किटमध्ये नसलेली वस्तू म्हणजे अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) फोडायचं ओपनर. अ‍ॅट्रोपिनची नेहमीची अँप्यूल १ मिलीत ०.६ मिग्रॅची. मोठ्या माणसाला सुरुवात १.८ ते ३ मिग्रॅ, म्हणजे ३ ते ५ अँप्यूल, आणि परिणाम दिसला नाही तर दर ५ मिनिटांनी दुप्पट. तीनपासून धरलं तरी ३, ६, १२, २४. पंधरा मिनिटांत ४५ अँप्यूल. कापसाचा बोळा धरून दहा फोडता येतात, पंधराव्याला ग्लोव्ह फाटतो आणि अंगठा चिरतो. प्लॅस्टिकचं छोटं ओपनर अगदी स्वस्त मिळतं, चावीच्या रिंगेला अडकवा. मानेवर ठिपका असेल तर तो आपल्याकडे ठेवायचा आणि डोकं मागे, आपल्यापासून दूर मोडायचं. उलट मोडलं की काच चुरते. रिकाम्या अँप्यूल ट्रेमध्येच ठेवा, मोजून नोंद झाल्यावर फेका. ‘किती गेल्या?’ हा प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर आठवणीतून द्यायचं नसतं.

टॉर्च ठेवण्यासारखी आहे, पण किटमधली बदला. निळसर झगझगीत एलईडी डोळ्यावर मारली की पेशंट डोळे घट्ट मिटतो आणि बाहुली दिसायची राहूनच जाते. पिवळसर, मध्यम उजेडाची, दांड्यावर बाहुलीच्या मापाचे मिलिमीटरचे गोल छापलेली पेन टॉर्च घ्या. ‘पिनपॉइंट’ असं लिहिण्यापेक्षा ‘दोन्ही १ मिमी’ लिहिलं तर पुढच्या शिफ्टला फरक कळतो. सेल बटणाचे असतील तर रात्री दोनला ते कुठेच मिळत नाहीत. पेन्सिल सेलची टॉर्च घेतलेली बरी. मोबाइलचा टॉर्च वापरू नका. ग्लोव्ह घातलेल्या, रक्तानं भरलेल्या हातानं धरलेला तोच मोबाइल नंतर कानाला लागतो.

पावसाळ्यात हीच टॉर्च पापण्यांसाठी लागते. पहाटे पोट दुखतंय म्हणून आलेला, जमिनीवर झोपणारा माणूस, अंगावर दंशाची खूणही नाही, आणि पापण्या जड. मण्यार चावल्याचं चित्र असंच असतं. वर बघायला सांगा, पापणी उचलते का ते उजेडात बघा, वेळ घालून लिहा. ‘पान लागलं’ म्हणून सांगितलं तर पानाचा ठेला शोधू नका. साप चावलाय, पण रात्री त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून तसं म्हणतात. ‘इच्चू’ म्हणजे विंचू. हे शब्द कुठल्याच किटबरोबर येत नाहीत.

कात्री. किटमधली सरळ टोकाची कात्री ड्रेसिंगच्या पट्ट्या कापायला ठीक. अपघातातल्या माणसाची जीन्स, चामडी पट्टा, हेल्मेटची पट्टी, चिखलात भिजलेलं धोतर तिच्यानं कापलं जात नाही, आणि टोक कातडीत घुसतं. बोथट वाकड्या टोकाची, दातेरी पात्याची ट्रॉमा शिअर घ्या, साडेसात इंची. हँडल प्लॅस्टिकचं असतं, त्यामुळे ती धुवून हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक पाण्यात बुडवता येते, पण तासन्‌तास ठेवू नका. पात्याला गंज चढतो. कापताना शिवणीच्या बाजूनं कापा आणि वार किंवा भोसकल्याच्या छिद्रातून कात्री नेऊ नका. तो कपडा एमएलसीचा, म्हणजे पोलिस केसचा, पुरावा असतो, कापलेला तुकडाही कागदी पिशवीत जातो, प्लॅस्टिकच्या नाही. ओला कपडा प्लॅस्टिकमध्ये कुजतो.

आणि एक ताकीद. सापाच्या पेशंटच्या पायाला गावाकडून करकचून बांधलेली दोरी दिसली की हात शिवशिवतो. नवी कात्री तिथं वापरू नका. शिरेत लाइन लागलेली, अँटीव्हेनम (सापाच्या विषावरचा उतारा) आणि अ‍ॅड्रेनालिन तयार, डॉक्टर शेजारी, मग दोरी सावकाश सैल करायची. एकदम सुटली तर अडलेलं विष एकदम वर चढतं.

बीपी मशीन घरीच ठेवा, विभागात असतं. फक्त कफचं माप शिका: आतल्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के हवी. लहान कफ बीपी खोटं वाढवून दाखवतो. थर्मामीटर पाऱ्याचा असेल तर बॅगेतून काढूनच टाका. फुटला की पारा गोळा करायला कोणाला वेळ नसतो. मोजपट्टी लॉकरमध्येच राहू द्या.

हॅमरवर सगळे हसतात. पण झटके येणारी गरोदर बाई आली आणि झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट सुरू झालं की प्रत्येक पुढच्या डोसाआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात: गुडघ्याचा जर्क आहे ना, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहे ना, लघवी तासाला ३० मिलीपेक्षा कमी तर नाही ना. जर्क गेला तर डोस थांबतो, आणि उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली हाताशी हवं. तेव्हा किटमधला तो पिवळ्या-लाल रबराचा हॅमर ड्रॉवरमध्ये ठेवा. वर सांगितलेली चौथी वस्तू ती हीच.

टूर्निके बक्कलवाली येते. एका हातानं सुटते म्हणून चांगली, पण कापडी पट्टा रक्त शोषतो आणि तोच दहा जणांच्या दंडावर फिरतो. धुता येणारी रबरी पट्टी घ्या, दोन घ्या. जोडीला इंट्राकॅथचे (शिरेत ठेवायच्या सलाईनच्या सुईचे) रंग पाठ असू द्या, कारण अडचणीच्या वेळी कोणी नंबर सांगत नाही, ‘हिरवी दे’ म्हणतात: १६ करडी, १८ हिरवी, २० गुलाबी, २२ निळी, २४ पिवळी. हिरवीतून मिनिटाला साधारण ९० मिली जातं, निळीतून ३६ च्या आसपास. रक्तस्रावाच्या पेशंटला निळी लावून सलाईन कितीही सोडलं तरी ते पोहोचत नाही, याचं कारण एवढंच. दोन हिरव्या, दोन हातांना.

आता किटमध्ये नसलेल्या वस्तूंकडे. पहिली म्हणजे घड्याळ, सेकंद काटा असलेलं, खिशाला उलटं लटकणारं. मनगटावर घड्याळ, बांगड्या, अंगठी नको. हात कोपरापर्यंत धुता आला पाहिजे. मंगळसूत्र गणवेशाच्या आत. दारू प्यालेला किंवा शुद्ध हरपत चाललेला माणूस हाताला येईल ते ओढतो. घड्याळात टायमर असेल तर उत्तम, कारण साप चावलेल्याची रक्त गोठण्याची चाचणी बरोबर २० मिनिटांची असते. नव्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली ताजं रक्त, २० मिनिटं न हलवता उभी, मग एकदाच तिरकी. द्रव राहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात आहे असं धरतात. हे चुकतं कसं? नळी प्लॅस्टिकची असते, साबणानं धुतलेली असते, किंवा कोणीतरी दहाव्या मिनिटाला ‘बघू तरी’ म्हणून हलवतं. नळी कुठे ठेवतात हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, पुढं शोधायला वेळ नसतो. अँटीव्हेनमच्या पावडरच्या बाटल्याही जोरानं हलवायच्या नाहीत, फेस होतो. तळहातात गोल फिरवायच्या. पहिल्या डोसाला दहा बाटल्या म्हणजे दहा वेळा हेच काम, त्यामुळे दोघं बसा.

पेन बॉलपेन घ्या, जेल नको. ओल्या ग्लोव्हखाली जेलची नोंद फराटा होते आणि एमएलसीच्या कागदावर तो फराटा कोर्टापर्यंत जातो. चार घ्या, तीन इंटर्न नेणार. वेळ २४ तासांच्या पद्धतीनं लिहा. मायक्रोपोरचा (कागदी चिकटपट्टीचा) एक रोल खिशात, टोक दुमडून ठेवलेला. स्टिकिंग प्लास्टरही चालेल, पण घामट कातडीवर लाइन टिकवायची तर आधी कातडी कोरडी करावी लागते, टेप कोणतीही असो.

छोटी डायरी सगळ्यात जास्त वापरली जाते, आणि ती छापील मिळत असली तरी स्वतः लिहिलेली बरी. तळहाताएवढी, स्पायरलची, पानांवर सेलोटेप मारलेली, म्हणजे पुसता येते. त्यात काय हवं? थेंबांचा हिशेब: सलाईनच्या सेटच्या पाकिटावर १ मिलीला २० थेंब लिहिलं असेल तर तासाचे मिली भागिले ३ म्हणजे मिनिटाचे थेंब, मायक्रो (बारीक थेंबांच्या) सेटला ६० थेंब, तिथं भागायचं नाही. ५०० मिली ८ तासांत म्हणजे मिनिटाला साधारण २१. सेट १५ थेंबांचाही येतो, म्हणून पाकीट वाचायचं. मॅग्नेशियम सल्फेट ५० टक्के: २ मिलीच्या एका अँप्यूलमध्ये १ ग्रॅम, ४ ग्रॅम म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली निर्जंतुक पाणी मिसळून २० मिली, सावकाश, पाच मिनिटांच्या आत नाही. अ‍ॅड्रेनालिन १ मिलीत १ मिग्रॅ: अ‍ॅलर्जीच्या शॉकला मोठ्या माणसाला ०.५ मिली मांडीच्या स्नायूत, हृदय थांबलं तर १ मिग्रॅ शिरेत दर ३ ते ५ मिनिटांनी. दोन्ही एकाच पानावर लिहू नका, गडबडीत तीच गल्लत होते. पोटॅशियम क्लोराइडसाठी पान कोरं ठेवा आणि लाल शाईत एवढंच लिहा: सरळ शिरेत कधीच नाही. डोस डॉक्टरांच्या ऑर्डरीवर आणि विभागाच्या प्रोटोकॉलवरच. डायरी कशासाठी, तर ऑर्डर ऐकून मिली किती ते हात थरथरत असताना काढता यावं.

ऑक्सिजनचंही एक पान. बी टाइप सिलिंडर भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर, मिनिटाला १० लिटरनं अडीच तास. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. सीटी स्कॅनला पेशंट न्यायचा तर हा हिशेब आधी करायचा. सिलिंडरची चावी मात्र कायम गायब. ती दोरीनं सिलिंडरलाच बांधायला मामांना (वॉर्डबॉयना) सांगा, गोड बोलून.

बुटांवर पैसे वाचवू नका. किटवाले दुकानदार पांढरे कॅन्व्हास दाखवतात. बीटाडीन, उलटी, रक्त सगळं त्यात मुरतं. जाळीचे स्पोर्ट शूज तसेच. रबरी क्लॉग (जाड तळाच्या सपाता) धुता येतात, पण वर भोकं असलेले नकोत, हातातून निसटलेली सुई नेमकी त्यातून जाते. बंद, धुता येणारे, टाच धरणारे, ओल्या फरशीवर न घसरणारे घ्या. संध्याकाळी जाऊन मापा. बारा तासांच्या ड्युटीनं पाय सुजतात आणि सकाळी बरोबर बसलेला बूट रात्री चावतो. गणवेशाचं कापड संभाजीनगरच्या गुलमंडीवर किंवा लातूरच्या गंजगोलाईत घेऊन शिवून घेतलं तर खिसे मनासारखे होतात: खाली दोन खोल, वर एक पेनचा. पूर्ण पॉलिस्टर नको; मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि उष्माघाताचा पेशंट थंड करायला तुम्हीच ओल्या चादरी घेऊन उभे असता.

बोटाचा ऑक्सिमीटर दुकानदार आग्रहानं देतो. विभागातला मॉनिटर बिघडला तर हाताशी बरा, एवढंच. शॉकमध्ये हात गार पडले की तो आकडा देत नाही किंवा चुकीचा देतो, नेलपॉलिशवर चुकतो, बंद खोलीत शेगडीच्या धुरानं बेशुद्ध झालेल्याला ९८ दाखवून फसवतो. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनच वाटतो.

किटच्या पैशात बसणाऱ्या, पण पिशवीत न मावणाऱ्या दोन गोष्टी. हेपॅटायटिस बीची लस: ०, १ आणि ६ महिने. नेमणुकीच्या पत्राची वाट पाहिली तर तिसरा डोस होईपर्यंत अर्धं वर्ष उघड्यावर काढावं लागतं. तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासा, १० च्या वर हवी. आणि सुई टोचलीच तर जखम पिळायची नाही, साबण-पाण्यानं धुवायची, लगेच कळवायचं. एचआयव्हीचं औषध शक्यतो दोन तासांत, जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हावं लागतं. दुसरी गोष्ट बीएलएसचा (बेसिक लाइफ सपोर्ट, हृदय थांबल्यावरच्या पहिल्या मदतीचा) कोर्स. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. नोंदणीआधी एकच विचारा: पुतळ्यावर प्रत्येकाचे हात किती वेळ पडणार? मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदल, हे व्हिडिओ बघून अंगात येत नाही. नुसतं घरबसल्या प्रमाणपत्र देणारे असतील तर ते पैसे बुटात घाला.

दुकानदाराला पूर्ण बॅग नको, सुटं द्या म्हणून सांगा. आधी नाही म्हणेल, मग देईल. टॉर्च, ट्रॉमा शिअर, दोन टूर्निके, ओपनर, हॅमर, आणि स्टेथो त्याच्याच काउंटरवर लावून, ऐकून. बिल घ्या. स्टेथोचा डायफ्राम आणि इअरटिप सुट्या मिळतात का हे त्याच वेळी विचारा. सहा महिन्यांत त्याच लागतात, आणि ज्याच्याकडे त्या नाहीत त्याच्याकडून स्टेथो घेऊ नका.